मोठ्यांनी खोलीबाहेर थांबावं

१४ जुलै

बारके,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र न वाचता फेकायचं म्हटलं तरी माणसाला कचऱ्याच्या डब्यापर्यंत उठून जावं लागतं, तेवढे तरी कष्ट तुला पडोत. आईशी तू बोलतेस ते मला कळतं. मी खोलीत आले की ती "बरं बरं, ठेवते" म्हणते आणि मला सांगते, चुकीचा नंबर होता. चुकीच्या नंबराला ही बाई आपल्या गुडघ्यांची सगळी हकिगत सांगत असते.

कामाचं लिहिते. तू जिंकलीस.

दोन वर्षांपूर्वी तू सगळ्या मुलांसमोर मला म्हणालीस की मी मुलांच्या तोंडात शब्द घालते, त्यांना काय हवंय ते कधी विचारत नाही, आणि हे अभ्यासकेंद्र त्यांचं नाही, माझं आहे. मी म्हणाले की पोरांना विचारून जगात कुणी वर्ग चालवत नाही. तू किल्ली टेबलावर ठेवलीस आणि गेलीस. आता तुझंच म्हणणं आपल्याला निधी देणाऱ्या संस्थेने उचललंय. या वर्षी केंद्र कसं चाललंय हे मोठी माणसं तपासणार नाहीत, मुलं तपासणार. प्रश्न मुलांचे, विचारणारी मुलं, उत्तरं देणारीही मुलं. मग सप्टेंबरात मुलांनीच संस्थेच्या साहेबांसमोर उभं राहून सगळं सांगायचं आणि त्यावरून ठरणार, की मार्चनंतर केंद्र राहणार का दाराला कुलूप लागणार. म्हणजे माझी परीक्षा आणि पेपर तपासणारी कोण, तर माझ्याकडे पाढे चुकणारी कार्टी.

हे कसं करायचं ते शिकवायला संस्थेने एक बाई पाठवल्यात. वयाने तुझ्याएवढ्या. पिशवीभर रंगीत ठिपके घेऊन आल्या, चिकटवायचे. आल्या आल्या पहिला नियम सांगितला, "पाहणी चालू असेल तेव्हा मोठ्यांनी खोलीबाहेर थांबावं." मी म्हटलं, मी केंद्र चालवते. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणूनच." तर सध्या मी बोळकंडीत लहान मुलांच्या स्टुलावर बसते. खालच्या टायरच्या दुकानातून रबराचा वास येत असतो, आत माझ्याबद्दल बोलणं चाललेलं असतं, आणि मी भिंतीचे पोपडे बघत असते.

पाहणीसाठी पाच जण निवडलेत. त्यांची म्होरकी वकील. तूच नाव ठेवलं होतंस ना तिला, "घंटा झाली म्हणजे तास संपला हे कुठे लिहिलंय" म्हणून भांडली होती तेव्हा? आता पंधरा वर्षांची आहे, उंचीने तुझ्या खांद्याला लागेल. भाऊ अजून तसाच तिच्या मागे मागे, त्याला सगळे शेपूट म्हणतात आणि तोही ओ देतो. ही दोघं सगळ्यांच्या आधी येतात आणि कुलूप लावेपर्यंत हलत नाहीत. इतकी अभ्यासाची आवड मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

तुझा नाटकाचा कोपरा तसाच आहे. म्हणजे त्याच्यापुढे कपाट आहे, पण मागे तसाच आहे.

ताई

२ ऑगस्ट

बारके,

उत्तर आलं नाही. ठीक आहे, मीही अपेक्षा केली नव्हती. टपालवाल्याला मात्र रोज विचारते, त्याला वाटतं माझी कुठेतरी नोकरीची खटपट चाललीय.

मुलांनी प्रश्न तयार केले. बाईंनी नमुन्यादाखल काही दिले होते. पहिलाच, "तुला केंद्रात यायला आवडतं का?" वकिलाने विचारलं, "याला नाही कोण म्हणेल? ताई बाहेरच बसल्यात." मला सगळं ऐकू येतं. दाराला फट आहे. मुद्दाम ऐकत नाही, पण कानाला बूच लावा असं काही नियमात लिहिलेलं नाही.

मग त्यांनी आपले प्रश्न काढले. "कोणत्या तासाला तू सारखं घड्याळ बघतोस?" "इथे कुणाला सांगितलं तर ते खरंच ऐकून घेतं?" असले. आणि सगळ्यात शेवटी वकिलाचा स्वतःचा प्रश्न, "इथे आला नसतास, तर आत्ता या वेळी कुठे असतास?" बाईंनी तो पुन्हा एकदा मोठ्याने वाचला. म्हणाल्या, "हा फार चांगला प्रश्न आहे. पण उत्तरं ऐकायची तयारी ठेवा."

भिंतीवर मोठा कागद लावलाय. प्रत्येक तासापुढे मुलांनी ठिपका चिकटवायचा, आवडला तर हिरवा, नाही तर लाल. शनिवारी मुलं गेल्यावर मी बघितलं. सुतारकाम, हिरवं. बैठे खेळ, हिरवेगार. माझ्या गणिताच्या तासापुढे इतके लाल ठिपके, की गोवर आलाय म्हणावं.

घरी आले ती तणतणत. वीस वर्षं घसा कोरडा केला आणि हे फळ. आई कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "मला तरी कुठे आवडायचं तुझ्याकडून शिकायला? मोबाइल शिकवायला बसलीस तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आणलंस." मग मला हसू आलं. पण रात्री जेवण गेलं नाही.

मी कागद फाडला नाही, काही बोललेही नाही. सोमवारी तास घेतला आणि कुणाला हाताला धरून फळ्यापाशी ओढलं नाही. हे तुला मुद्दाम कळवते. तू असतीस तर म्हणाली असतीस, ताई, पालथ्या घड्यावर पाणी. आता बघ जरा घड्याकडे.

ताई

२१ ऑगस्ट

बारके,

आजचं वाचून तुला बरं वाटेल. निदान मला तसं वाटावं म्हणून तरी वाच.

काल मुलं घरी गेल्यावर मी खुर्च्या टेबलांवर चढवत होते. वकील आणि शेपूट नेहमीप्रमाणे रेंगाळत होते. शेपूट जिन्यात बसून बूट काढघाल करत होता. वकील दारात येऊन उभी राहिली. ती कधी दारात उभी राहते का? घुसते आणि बोलायला लागते. काल उभी राहिली.

"ताई, एक विचारू?"

"विचार की."

"शेवटच्या प्रश्नाची उत्तरं साहेबांना दाखवायची का नाही?"

"का बरं?"

"लोकांच्या घरातलं आहे त्यात. कुणी म्हणतं जिन्यात बसलो असतो. कुणी बसमध्ये, शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत यायचं, कंडक्टर ओळखीचा आहे म्हणे. एक जण म्हणतो, बाबा झोपेपर्यंत टायरच्या दुकानापुढे." तिने एकदा जिन्याकडे बघितलं. "आणि एका मुलीचं तर फारच घरचं आहे. बाहेर कळलं तर त्यांना त्रास होईल. पण नाही सांगितलं तर मग पाहणी कसली केली?"

बारके, मला हे काहीच माहीत नव्हतं. मला वाटत होतं, पोरं शिकायला येतात.

"नाव गाळलं तर?" मीच विचारायला निघाले होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "नाव गाळलं तरी कळेल. तसं राहणारी एकच आहे." मग म्हणाली, "तुम्ही काय केलं असतं?"

तुला माहीत आहे मी काय केलं असतं. बस खाली, कोण मुलगी, काय झालंय, सगळं सांग, असं म्हणून हातातलं काम टाकलं असतं आणि मग सगळं माझ्या मनासारखं करून टाकलं असतं. जिभेवर आलं होतं. "बस" हा शब्द तोंडात तयार होता. गिळला. मी म्हणाले, "पाहणी तुमची आहे, निर्णयही तुमचा. मोठ्यांनी बाहेर थांबायचं असतं."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग "बरं" म्हणाली आणि शेपटाला घेऊन गेली.

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तोंडात शब्द घातला नाही. खुर्च्या तशाच टाकून घरी आले आणि आईला सांगितलं. आई म्हणाली, "पोरगी विचारायला आली होती ना? मग सांगायचं होतंस काहीतरी." आईला या नव्या पद्धती कळत नाहीत. तुला कळतात. म्हणून तुला लिहितेय.

तुझी ताई

९ सप्टेंबर

बारके,

झालं एकदाचं. साहेब आले, त्यांच्याबरोबर संस्थेचे आणखी दोघं. आज मला आत बसू दिलं, पण मागच्या बाकावर. पाच जण पुढे उभे होते. शेपूट पाहणीत नव्हता, तरी बहिणीच्या मागे उभा होता, त्याला हलवायची कुणाची हिंमत झाली नाही.

वकील काय बोलली म्हणून सांगू. एकदाही अडखळली नाही. मुलांना केंद्र किती आवडतं, कुणाचे मार्क किती वाढले, घरी कसा आता सगळ्यांना अभ्यासाचा उत्साह आलाय. घरी सगळं छान आहे आणि केंद्रामुळे आणखी छान झालंय. भिंतीवरचा कागद नवीन होता. माझ्या तासापुढे सगळे ठिपके हिरवे. आधी मला वाटलं डोळ्यांना भास होतोय. मग लक्षात आलं, लाल ठिपक्यांवर हिरवे चिकटवलेत. एकाची लाल कड दिसत होती.

माझ्यासाठी केलं पोरांनी. केंद्र राहावं म्हणून, ताईची मान खाली जाऊ नये म्हणून. बाकावर बसल्या बसल्या मला रडू आलं, पदराने पुसलं. संस्थेच्या बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांना दिसलं असणार. त्याही काही बोलल्या नाहीत, नियम त्यांचाच आहे.

शेवटचा प्रश्न कुणी घेतला नाही. तो कागदावरच नव्हता.

उठून विचारावं, अरे त्याचं काय झालं, असं वाटलं. पण साहेब टाळ्या वाजवत होते. म्हणाले, "इतका एकमुखी निकाल आम्हाला दुसऱ्या कोणत्याही केंद्रातून आलेला नाही." जाताना वकिलाशी हात मिळवला. ती पोरगी लाजून लालबुंद.

आता वाट बघायची. काळजीचं कारण नाही असं सगळे म्हणतात. मीही म्हणते.

एक विचारायचं होतं. तुझ्या कोपऱ्यापुढचं कपाट हलवू का? जागा लागणारच आहे पुढच्या वर्षी.

ताई

३० सप्टेंबर

केंद्र मार्चमध्ये बंद होणार.

तुला शांतपणे लिहावं म्हणून दोन दिवस थांबले, पण शांत व्हायला काही जमलेलं नाही. साहेबांनी बोलावून सांगितलं. चहा मागवला, बिस्किटं पुढे केली. म्हणाले, "अभिनंदन. ज्यासाठी केंद्र सुरू केलं होतं ते काम पूर्ण झालंय. मुलं अभ्यासात पुढे आहेत, घरं सुस्थितीत आहेत, एकही तक्रार नाही. आता हा निधी जिथे मुलांना खरी गरज आहे तिथे न्यायचं ठरलंय." नदीपलीकडच्या वस्तीत जाणार. तिथल्या पाहणीत मुलांनी सांगितलं म्हणे, की संध्याकाळी त्यांना जायला जागा नाही.

ऐकलंस? तिथल्या मुलांनी सांगितलं, की जायला जागा नाही. आमच्या मुलांनीही सांगितलं होतं. एकमेकांना सांगितलं, दारात येऊन मला विचारलं, आणि मग पुसून टाकलं. मी हातावर हात ठेवून बसले, कारण दोन वर्षांपूर्वी तू मला सगळ्यांसमोर सुनावलं होतंस. मी तुझ्या पद्धतीने केलं, बारके. एकदाच, फक्त एकदाच मी तोंड बंद ठेवलं, आणि ते नेमकं याच वेळी.

तुझं बरं आहे. किल्ली टेबलावर ठेवायची आणि निघून जायचं. मग दूर बसून शहाणपणा शाबूत राहतो. तू इथे असतीस तर लाल ठिपके तुझ्याही तासापुढे लागले असते, आणि चार वाजता दार उघडायला तुलाही यावं लागलं असतं. विचारा मुलांना, विचारा मुलांना. विचारलं. आणि विचारल्यावर त्यांनी माझ्यावर इतकी माया केली, की केंद्र बुडालं.

हे पत्र आईला वाचून दाखवलं नाही. ती म्हणेल पाठवू नकोस. म्हणून आत्ताच टपालात टाकते.

१८ ऑक्टोबर

बारके,

मागच्या पत्राबद्दल काही लिहीत नाही. लिहिलं ते लिहिलं.

संस्थेच्या बाईंचा आणखी एक नियम होता. ज्या मुलांनी पाहणी केली, त्यांना निकाल सांगितलाच पाहिजे आणि कारणही. नियम पाळायला आता मी एकटीच उरले होते, बाई नदीपलीकडे गेल्या. पाच जणांना बसवलं आणि सांगितलं. काही लपवलं नाही. वकिलाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आम्ही वाईट सांगितलं असतं तर राहिलं असतं?"

"खरं सांगितलं असतं तर," मी म्हणाले.

"तेच."

बाकीच्या चौघांनी माना खाली घातल्या. ती म्हणाली, "मग आता सांगू. मी सांगते." मी म्हटलं आता उशीर झालाय. ती म्हणाली, "उशीर झाला म्हणजे ऐकायचंच नाही, हे कुठे लिहिलंय?"

मंगळवारी आम्ही संस्थेच्या कचेरीत गेलो. ती, मी आणि शेपूट. वाटेत मी तिला विचारलं, त्या मुलीची परवानगी घेतलीस का. ती म्हणाली, "घेतली." बसमध्ये मग सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पन्नाशीची बाई मी.

साहेबांनी बसायला सांगितलं, पण ती उभीच राहिली. म्हणाली, "आम्ही एक प्रश्न गाळला होता. त्याचं एक उत्तर माझं आहे."

मग तिने सांगितलं. त्यांची एकच खोली आहे. आई धुलाई केंद्रात कामाला जाते, नऊला येते. भाडं परवडत नाही, म्हणून कारखान्यातले रात्रपाळीचे दोघं दिवसा त्या खोलीत झोपतात आणि अर्धं भाडं देतात. ते कामावर निघेपर्यंत ही दोघं भावंडं आत जाऊ शकत नाहीत. घरमालकाला यातलं काही ठाऊक नाही, त्याने पोटभाडेकरू ठेवायचा नाही असं बजावलंय, कळलं तर बाहेर काढेल. "म्हणून आम्ही सगळ्यांच्या आधी येतो," ती म्हणाली. "ताईंना वाटतं गणितासाठी." असं म्हणून माझ्याकडे बघून थोडंसं हसली, माझी समजूत काढावी तसं.

साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी सगळं नीट ऐकलं. मग साध्या आवाजात विचारलं, "पण त्या दिवशी तू सांगितलंस की घरी सगळं छान आहे."

"हो."

"म्हणजे तेव्हा तू खोटं बोललीस."

तिने ओढणी सारखी केली.

"मग आत्ता बोलतेस ते खरं, हे आम्ही कसं धरायचं?"

बारके, ज्या पोरीने आजवर एकही प्रश्न उत्तर दिल्याशिवाय सोडला नाही, ती तिथे उभी राहून आपल्या बोटांची नखं बघत होती. शेपूट म्हणाला, "ती खोटं नाही बोलत." मग मी बोलले. खूप बोलले, आवाज चढवून बोलले. लाल ठिपक्यांचं सांगितलं, जिन्याचं, बसचं, सगळं. साहेबांनी मला पाणी दिलं. म्हणाले, भावना समजतात, पण असं काही असेल तर आधी खात्री करून घ्यावी लागेल. संस्थेची पद्धत असते.

मी म्हटलं, करा खात्री. अगदी ठणकावून म्हटलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, असंही वर म्हणाले.

ताई

५ नोव्हेंबर

बारके,

हे कसं लिहायचं ते मला समजत नाही, म्हणून झालं तसं लिहिते.

खात्री करायला संस्थेने एक माणूस पाठवला. सभ्य, हातात पिशवी, पायात चकचकीत बूट. पत्ता बरोबर शोधून तो इमारतीत गेला आणि तळमजल्यावरच्या पहिल्या दाराशी थांबून त्याने नम्रपणे विचारलं, "रात्रपाळीचे लोक दिवसा झोपतात ती खोली कोणती?" ते दार घरमालकाचं होतं.

रविवारी त्यांना खोली सोडावी लागली. मला सोमवारी कळलं, दोघंही आली नाहीत तेव्हा. मी गेले. दाराला नवीन कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, सामान हातगाडीवर घातलं आणि गेले, कुठे ते सांगितलं नाही. शाळेत विचारलं, तिथेही येत नाहीत. रात्रपाळीच्या दोघांना कारखान्याच्या फाटकाशी गाठलं, तर ते माझ्यावरच ओरडले. त्यांचीही झोपायची जागा गेली.

संस्थेकडून कळवलंय की बाब खरी आढळली. निर्णय मात्र बदलता येणार नाही, पलीकडचं केंद्र सुरू झालंय. त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली आहे.

काल त्यांची आई आली होती. धुलाई केंद्राचा निळा कोट अंगात तसाच, बहुधा कामावरून परस्पर. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. माझ्यापेक्षा बरीच लहान आहे, तरी थकलेली. म्हणाली, "माझ्या मुलीने तुमच्या सांगण्यावरून तोंड उघडलं का?"

मी म्हणाले, "नाही हो. तिने स्वतःच ठरवलं. आधी गाळायचं तेही तिनेच ठरवलं होतं आणि मग सांगायचं तेही. मी कशातच पडले नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

"मग तुम्ही तिथे होतात कशाला?"

मी विचारलं, मुलं कुठे आहेत, बरी आहेत ना, पत्ता तरी द्या. ती म्हणाली, "पत्ते सांगून झाले आता," आणि गेली. जिन्यात तिच्या मागे धावले, पण माझे गुडघे आता आईच्या वळणावर गेलेत. खाली पोहोचेपर्यंत ती रस्ता ओलांडून गेली होती.

घरी आल्यावर आईने विचारलं काय झालं. मी सांगितलं. आईने तुला फोन लावला आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर लावला. तू उचललास, आईचं बोलणं ऐकलंस, मग आईने फोन माझ्याकडे दिला, आणि मीच तो घेतला नाही. तुझ्यावरचा राग म्हणून नाही. फोनवर मला रडू आलं असतं आणि तू माझी समजूत काढली असतीस. मला ते नको. समजूत काढणारी माणसं मला गेल्या महिन्यात पुरेशी भेटली.

मला एकच हवंय. तू मला सांगायचीस की मी मुलांच्या तोंडात शब्द घालते, आणि ते खरं होतं. मी गप्प बसले, तेही बघितलंस काय झालं ते. या दोन्हींच्या मध्ये काहीतरी असणार. तुला ते येत असावं, कारण मुलं तुझ्याशी बोलायची आणि तुझ्यामुळे कुणाचं घर गेलं नाही. त्या दिवशी वकील तुझ्या दारात उभी राहिली असती आणि म्हणाली असती, "तुम्ही काय केलं असतं?" तर तू तिला काय सांगितलं असतंस? "बस" म्हटलं असतंस, एवढं मलाही कळतं. ती बसली. मग पुढे?

तेवढं लिही. माफी, आईची तब्येत, मागचं कोण चुकलं, काही नको. तिच्यासाठी आता उपयोग नाही हे मला माहीत आहे. पण मार्चपर्यंत दार रोज चार वाजता उघडायचं आहे. ती बसमधून शेवटच्या थांब्यापर्यंत जाणारी मुलगी, कोण ते आता मला कळलंय, आज माझ्या टेबलाशी येऊन दोनदा घुटमळली आणि परत गेली. उद्या ती पुन्हा येईल, आणि तिला काय म्हणायचं ते मला येत नाही.

ताई